लातूरचा नकार, लातूरचाच कौल

विलासराव देशमुखांची कारकीर्द मुख्यमंत्रिपदावरून मोजली जाते. पण तिचा खरा कस १९९५च्या पराभवात लागला, असं मला ठामपणे वाटतं. बाभळगावचे हे सरपंच १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग तीनदा लातूरचे आमदार झाले, मंत्री झाले आणि जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून सुमारे ३५ हजार मतांनी हरले. ती शिवसेना-भाजप युतीची लाट होती, असं कुणी म्हणेल. राज्यात सत्ता युतीची आली हे खरं, पण लातूरकरांनी निवडला तो जनता दलाचा उमेदवार. निकाल लातूरचा स्वतःचा होता.

पक्षाच्या बळावर मोठे नेते परततातच, हाही आक्षेप टिकत नाही. १९९६ला विधान परिषदेची वाट अगदी थोडक्यात हुकली आणि त्यांना पुन्हा त्याच मतदारांपुढे जावं लागलं. १९९९ला त्यांनीच सुमारे ९१ हजारांचं मताधिक्य दिलं; १८ ऑक्टोबरला विलासराव मुख्यमंत्री झाले. असा नकार एकट्या लातूरचा नव्हता: शेजारच्या नांदेडनेही १९८९च्या लोकसभा निवडणुकीत अशोक चव्हाणांना नाकारून डॉ. व्यंकटेश काब्दे यांना निवडलं होतं. पुढे चव्हाणही २००८मध्ये मुख्यमंत्री झाले.