प्रवचन ऐकले, पुढे काय?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



अमेरिकेत बोस्टन शहरी थिओडोर पार्कर (१८१०–१८६०) नावाचे ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊन गेले. १८४१ साली त्यांनी सांगितले, की धर्मातले विधी नि मते बदलत जातात, खरी नीती तेवढी टिकते. झाले! बहुतेक धर्मोपदेशकांनी त्यांना आपल्या चर्चची दारे बंद केली. पण ते गप्प बसले नाहीत. १८४६ साली शहरातल्या गोरगरिबांवर, १८५३ साली स्त्रियांच्या हक्कांवर बोलले. ती प्रवचने छापून निघाली.

१८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा झाला. तेव्हा एलेन क्राफ्ट या गुलामीतून निसटलेल्या बाईला पार्करांनी स्वतःच्या घरात लपवले. जे प्रवचनात सांगितले, ते घरात करून दाखवले.

१८६५ साली तिथली गुलामगिरी गेली. ते पाहायला पार्कर उरले नव्हते. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अशाच अमेरिकन लोकांना महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ पुस्तक अर्पण केले.

बंधू-भगिनींनो, प्रवचन ऐकून आपण घरी जातो. उद्या कुणी नाडलेला माणूस आपल्या दारात आला, तर दार उघडणार ना? एवढेच विचारतो नि थांबतो.

जयभीम!