लेकीचा अर्ज, गटाचं कर्ज

मार्चच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी लॅपटॉपच्या दुरुस्तीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. लेक इंजिनिअरिंगला आहे, तिला ‘गुगल समर ऑफ कोड’साठी अर्ज करायचा होता. “घरबसल्या पैसे देतात? फसवतील गं पोरीला,” दोघीतिघी म्हणाल्या. शंका मलाही आली, खोटं कशाला बोलू?

मग लेकीलाच बोलावलं. हा उपक्रम २००५ पासून चालतो. वय १८ पूर्ण हवं. अर्जाला फी नाही. कुणी मागितली तर ती लबाडी समजायची. ओपन सोर्स म्हणजे कृती सगळ्यांना खुली असलेलं सॉफ्टवेअर. आपल्या मसाल्याची कृती भिंतीवर लावली आणि कुणीही येऊन सुधारली, तसं. (आपण लावणार नाही, ते सोडा!) निवड झाली तर मार्गदर्शक मिळतो, आणि काम तपासून पास झालं की गुगल मानधन देतं.

पण नुसता अर्ज पुरत नाही. आधी एखादी छोटी चूक दुरुस्त करून दाखवलेली बरी. मग कोणत्या आठवड्यात काय करणार, ते लिहून द्यायचं. त्याला रोज दोन-तीन तास हवेत, आणि हे तर ऐन कुरडयांचे दिवस! ताई म्हणाल्या, “यंदा चीक मी एकटी शिजवीन.”

कर्ज मंजूर झालं. निवड होईलच असं नाही, हेही तेव्हाच बोललो. निकाल मे महिन्यात लागेल. हप्ता मात्र एप्रिलपासूनच सुरू आहे, शेळीच्या दुधाच्या पैशातून.