इंजिनाचा श्वास

आपल्याकडे ‘पिकअप’ म्हटलं की गाडीचा दम. ‘गाडीला पिकअप राहिला नाही’ ही तक्रार प्रत्येक गॅरेजवाल्याच्या कानावरून रोज जाते. अमेरिकेत मात्र पिकअप म्हणजे मागे उघडा हौदा असलेला ट्रक, आणि तो घरगुती वापरालाही असतो. माझा मुलगा ह्यूस्टनजवळ राहतो. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या पुरात त्याची छोटी गाडी गेली. पुढच्या वर्षी त्यानं फोर्डचा एफ-१५० घेतला. पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ३९५ अश्वशक्ती. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडेच होतो. ट्रक दारात येऊन महिना झाला नाही तोच चिरंजीव म्हणाले, “बाबा, याला कोल्ड एअर इन्टेक बसवायचाय. साडेतीनशे डॉलर. पंधरा हॉर्सपॉवर वाढते म्हणतात. तुम्ही इंजिनवाले, कुठला घेऊ ते सांगा.”

इंजिनवाला म्हणजे काय, तर पिंपरीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं टेस्ट बेडवर इंजिनं चालवली. त्यामुळे एक गोष्ट अंगात भिनली आहे. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण ते खातं मुख्यतः हवा. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा! हवा थंड असली की दाट असते, तेवढ्याच जागेत जास्त मावते. साधारण तीन अंश तापमान उतरलं की घनता एका टक्क्यानं वाढते. कोल्ड एअर इन्टेकचं शास्त्र एवढंच. मूळ एअर क्लीनर आणि त्याची नळी काढायची, मोठा फिल्टर आणि गुळगुळीत रुंद नळी बसवायची, आणि बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची हवा आत घ्यायची.

शास्त्र खोटं नाही. प्रश्न असा, की मूळ गाडी आत्ता कुठली हवा घेते आहे? मी मुलाला म्हटलं, खरेदी नंतर कर, आधी मोजू. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक मोटारीला तपासणीचा सॉकेट असावाच लागतो. वीस-पंचवीस डॉलरचं एक यंत्र त्यात खोचलं की आत जाणाऱ्या हवेचं तापमान फोनवर दिसतं. दुपारी निघालो. बाहेर ३६ अंश. सिग्नलला उभे होतो तेव्हा आकडा ५८ पर्यंत चढला. मुलगा विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघू लागला. हायवेला लागलो, आणि दहा मिनिटांत आकडा ४१ वर येऊन थांबला. म्हणजे जिथे ताकद लागते तिथे मूळ व्यवस्था जवळजवळ बाहेरचीच हवा घेत होती. कंपनीनं तिचं तोंड जाळीमागे दिलेलंच असतं. उरलेले पाच अंश पुरते जिंकले तरी फायदा दीड टक्क्याचा, सहा अश्वशक्तींचा, आणि तोही पेडल तळाला टेकवलं तरच.

“आणि अ‍ॅव्हरेज?” त्यानं विचारलं. टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ साली नव्या पद्धतीच्या पेट्रोल गाड्या मुद्दाम फिल्टर तुंबवून चालवल्या. गाडीचा वेग घेणं मंदावलं, पण इंधनाचा खप म्हणण्यासारखा वाढला नाही. कारण संगणक येणारी हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो. मग मोकळ्या फिल्टरनं अ‍ॅव्हरेज वाढेल कुठून?

तो गप्प झाला. मग जरा ओशाळून म्हणाला, “बाबा, खरं सांगू? मला तो आवाज आवडतो.” हे कारण मात्र मला पटलं. मूळ नळीला आवाज गिळणारे पोकळ कप्पे असतात. ते गेले की इंजिनाचा घुमणारा श्वास ऐकू येतो. हौसेला मोल असतं. फक्त हौसेपायी इंजिनाच्या पोटात धूळ जाता कामा नये.

इथे माझी एक जुनी चूक सांगायला हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका इंजिनावर फिल्टरपुढची होज क्लिप नीट आवळलेली नव्हती. मी वरवर पाहून ‘ठीक’ अशी सही केली. काही आठवड्यांत ते तेल पिऊ लागलं. उघडलं तर रिंगा झिजलेल्या, सिलिंडरवर उभे ओरखडे. फिल्टर उत्तम होता. धूळ त्याला वळसा घालून गेली होती. साहेब रागावले नाहीत, पण झिजलेली रिंग त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि वर्षभर तिथून हलवू दिली नाही.

म्हणून निवड आम्ही उलट्या बाजूनं केली. अश्वशक्तीचा आकडा बघितलाच नाही. बॉनेटखाली उघडा शंकू टांगलेले प्रकार पहिल्या झटक्यात बाद, कारण ते इंजिनाचीच धग ओढतात. बंद पेटी हवी, झाकणाला रबरी कडा हवी. तेल लावायचा कापडी फिल्टर नको. तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या बारीक गरम तारेवर बसतं आणि संगणकाचा हिशेब चुकतो. कोरडा फिल्टर घ्यायचा, आणि आयएसओ ५०११ प्रमाणे धूळ किती अडवतो हे ज्यानं छापलं आहे त्याचाच. त्या तारेजवळ नळीचा व्यास मूळ इतकाच असावा, नाहीतर मोजमाप बिघडतं.

फिल्टर खाली बंपरजवळ नेणारे प्रकार दिसायला हुशारीचे. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर पाणी प्यायलेली इंजिनं मी उघडून पाहिली आहेत. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हार्वे पाहिलेल्या पोराला हे फार समजावावं लागलं नाही.

वॉरंटीची भीती त्याला दुकानातल्या माणसानं घातली होती. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही. बिघाड त्या भागानं झाला हे दाखवावं लागतं. तरी मूळ पेटी, नळी, स्क्रू सगळं खोक्यात भरून गॅरेजच्या माळ्यावर ठेवायला लावलं. शिवाय कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलाच संच घेतला. टेक्ससमध्ये त्याची गरज नव्हती, पण नोकरी उद्या कुठे नेईल कोण जाणे.

दोन तासांत काम झालं. हायवेवरचा आकडा ४१ चा ४० झाला. आवाज मात्र असा, की सौ. म्हणाल्या, “गाडीला सर्दी झाली का?” चिरंजीव खूष.

निघताना मी त्याला एक काम नेमून दिलं. दर पाच हजार मैलांनी फिल्टरच्या पुढची नळी उघडायची, आत पांढरा रुमाल फिरवायचा आणि फोटो पाठवायचा. पहिला फोटो जानेवारीत पुण्याला आला. रुमालावर जोडापाशी एक पुसट करडी रेघ होती. इकडे दिवस, तिकडे मध्यरात्र; तरी फोन केला. क्लिप जवळजवळ एक आटा ढिली निघाली. त्यानं ती गॅरेजमधल्या दिव्याखाली, मला ऐकू येईल अशी करकचून आवळली. पुढच्या फोटोतला रुमाल पांढरा होता.