शून्य कुठे धरायचे?

(गोरखी, लश्कर येथे गणेशोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यवाहांनी आम्हाला विषय दिला तो असा : ‘मोबाईलवर अनोळखी लोकांशी विज्ञानाच्या गोष्टींवर वाद घालावा का?’ आम्ही पडलो सरकारी उपयंत्री. शिक्षण पॉलिटेक्निकच्या डिप्लोमापर्यंत. विज्ञानावर अधिकारवाणीने बोलावे अशी आमची योग्यता नाही. पण वाद मात्र आम्ही रोज पाहतो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पाहतो, घरी रात्री अकरा वाजता पाहतो. समोरचा माणूस कोण, कुठला, काय शिकलेला, काही ठाऊक नसते. तरी ग्रहण, लस, पुष्पक विमान, मोबाईलचा टॉवर अशा कोणत्याही विषयावर पहिल्या पाच मिनिटांत आपण एकमेकांची अक्कल काढतो.

आपल्याला वाटते, ही मोबाईलने आणलेली नवी व्याधी आहे. तसे नाही. अनोळखी माणसाशी, टोपणनावाने, विज्ञानाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद घालणारा एक गृहस्थ दीडशे वर्षांपूर्वी याच ग्वाल्हेरीत राहत होता. त्यांचे नाव विसाजी रघुनाथ लेले. जन्म नाशिकचा, 1827 चा. नोकरीनिमित्त ते ग्वाल्हेरीस आले आणि इथलेच झाले. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांची हीच कथा आहे. हे लेले ‘स्फुटवक्ता अभियोगी’ असे नाव घेऊन वर्तमानपत्रांतून पत्रे लिहीत आणि वाद घालीत. स्फुटवक्ता म्हणजे स्पष्ट बोलणारा, अभियोगी म्हणजे फिर्यादी. नाव पाहूनच समोरच्याने सावध व्हावे!

वाद कोणाशी? तर पुण्याच्या केरो लक्ष्मण छत्रे यांच्याशी. केरूनाना म्हणजे गणित आणि ज्योतिष या विषयांतले त्या काळचे मोठे नाव. ते लोकमान्य टिळकांचे गुरू. जुन्या ग्रंथांवरून केलेली ग्रहणे आणि ग्रहांची स्थाने आकाशाशी जुळत नाहीत, हे त्यांनी पाहिले. मग युरोपियन कोष्टकांच्या आधारे त्यांनी 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत काढला. त्यावरून पुढे जे पंचांग निघाले ते पटवर्धनी पंचांग. म्हणजे केरूनाना काही जुन्याला कवटाळून बसणारे नव्हते. तरी लेल्यांची फिर्याद त्यांच्यावर होती.

फिर्याद काय, ते थोडक्यात सांगतो. ऋतू ठरतात ते सूर्य विषुववृत्तावर येतो त्या बिंदूवरून. पण हा बिंदू ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर नाही. तो दरवर्षी सुमारे 50 विकला मागे सरकतो, म्हणजे साधारण 72 वर्षांत एक अंश. लेल्यांचे म्हणणे असे, की वर्ष ऋतूंना बांधा, राशींचे शून्य त्या सरकत्या बिंदूवर धरा. हे सायन मत. छत्र्यांचे म्हणणे, शून्य ताऱ्यावर धरायचे, आणि तो तारा रेवतीचा. हे निरयन मत. पुढे वेंकटेश बापूजी केतकरांसारखे मोठे गणिती म्हणाले, तारा धरायचा हे खरे, पण रेवतीचा नव्हे, शून्य चित्रा ताऱ्यावरून ठरवा. या दोन शून्यांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे.

चार अंशांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो. म्हणजे चार अंश हे चार दिवस. म्हणून आपल्याकडे संक्रांत 14 जानेवारीच्या आसपास, आणि टिळक पंचांग मानणाऱ्यांकडे 10 जानेवारीच्या आसपास. सायनवाला म्हणेल, दोघेही उशिरा आलात, उत्तरायण तर 22 डिसेंबरलाच लागले.

आता 2023 साल आठवा. त्या वर्षी कोकणात काही ठिकाणी 20 ऑगस्टला गणपती बसले आणि आपल्याकडे 19 सप्टेंबरला. पुरता एक महिना! ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक मास. त्या वर्षी अमावास्या होत्या 17 जुलैला आणि 16 ऑगस्टला. चित्रापक्षाने सूर्य सिंहेत गेला 17 ऑगस्टला, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे मधला महिना संक्रांतीवाचून गेला, म्हणून तो अधिक श्रावण ठरला. रेवतीपक्षाने सूर्य चार दिवस आधीच सिंहेत गेला होता, म्हणून तोच महिना त्यांचा खरा श्रावण झाला आणि पुढचा भाद्रपद. दोघांची गणिते बरोबर होती. फक्त शून्य वेगळे होते.

हे दोन मिनिटांत सांगता येते. पण त्या ऑगस्टमध्ये आमच्या नात्यातल्या मंडळींच्या मोबाईलवर काय चालले होते ते ऐका. ग्वाल्हेरकरांनी लिहिले, ‘कोकणात बाप्पा तिकीट न काढता आले वाटते!’ तिकडून उत्तर आले, ‘हिंदीभाषक मुलखात राहून तुम्ही पंचांग विसरलात.’ मग ‘विज्ञानवादी’ पुढे सरसावले, ‘सगळेच थोतांड आहे’ म्हणाले. मग ‘संस्कृतिरक्षक’ आले, ‘आमच्या ऋषींना सगळे ठाऊक होते’ म्हणाले. रेवती आणि चित्रा यांचे नावही कोणी काढले नाही. त्या चार दिवसांत दोन चुलतभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, ते अजून बोलत नाहीत. एकाच आजोबांच्या मांडीवर दोघे वाढले. बाप्पा दोन्ही घरी आले आणि गेले, अबोला मात्र अजून विसर्जित झालेला नाही.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे. रस्त्याचे किंवा नाल्याचे लेव्हलिंग करताना दोन माणसांचे आकडे जुळले नाहीत, तर आम्ही एकमेकांना खोटे म्हणत नाही. पहिला प्रश्न असतो, ‘साहेब, तुमचा बेंचमार्क कोणता?’ तुम्ही मंदिराच्या पायरीवरून धरलात आणि आम्ही पुलाच्या कठड्यावरून, तर आकडे वेगळे येणारच. बेंचमार्क एक केला की अर्धी भांडणे तिथेच मिटतात. उरलेल्या अर्ध्यांसाठी पट्टी पुन्हा लावायची.

आमच्या मते वादात प्रश्न तीन प्रकारचे असतात. पहिला मोजणीचा. अमावास्या किती वाजता संपते, हे आकाश सांगते, तिथे मताला जागा नाही. दुसरा संकेताचा. शून्य कुठे धरायचे, हे आकाश सांगत नाही, माणसे बसून ठरवतात. तिसरा आचाराचा. आमच्या घरी गणपती कधी बसवायचा, हे घरातली वडीलधारी मंडळी ठरवतात. मोजणीच्या प्रश्नाला ‘आमची श्रद्धा आहे’ हे उत्तर चालत नाही. तसेच आचाराच्या प्रश्नात ‘तू अडाणी आहेस’ हे उत्तर शोभत नाही. आपण तिन्हीची खिचडी करतो, आणि मग जो मोठ्याने ओरडेल तो जिंकतो.

21 सप्टेंबर 1995 तुम्हाला आठवत असेल. देशभर गणपती दूध पितात अशी बातमी पसरली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. लश्करातही चमचे घेऊन रांगा लागल्या होत्या. दिल्लीतल्या एका मंदिरात शास्त्रज्ञांच्या पथकाने दुधात रंग मिसळला, तेव्हा दूध मूर्तीच्या पृष्ठभागावरून पातळ थराने खाली ओघळताना दिसले. द्रवाच्या पृष्ठताणाने चमच्यातले दूध दगडाकडे ओढले जाते. हा मोजणीचा प्रश्न होता आणि तो एका चिमूटभर रंगाने सुटला. त्यासाठी रांगेतल्या आजीबाईंना हसण्याची गरज नव्हती. हसणाऱ्यांनी त्या दिवशी एकाही माणसाला पृष्ठताण शिकवला नाही. रंग टाकणाऱ्यांनी शिकवला.

पुन्हा लेल्यांकडे येऊ. त्यांचा वाद कडक होता. पण त्याची पद्धत पाहा. आरोप करायचा तर आकडा द्यायचा. समोरच्याचे म्हणणे आधी नीट मांडायचे. आणि नुसते बोलून थांबायचे नाही, तर करून दाखवायचे. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी पुढे सायन पंचांग छापून लोकांपुढे ठेवले. ज्याला शंका असेल त्याने पाने उलटावी आणि आकाशाकडे पाहावे.

दीक्षितांचे तर विशेष. पेशाने ते शिक्षक. 1896 साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ निघाला. स्वतः सायनवादी. पण त्या ग्रंथात ज्यांचे मत त्यांना पटत नव्हते त्या केरूनानांनाही त्यांचे श्रेय दिलेले आहे. जुन्या सिद्धान्तकारांचे मोठेपण सांगितले आहे आणि त्यांचे गणित कुठे चुकते तेही सांगितले आहे. आज ‘सगळे आमच्याकडे होतेच’ म्हणणाऱ्याला आणि ‘सगळे थोतांड’ म्हणणाऱ्याला, दोघांनाही हा ग्रंथ अडचणीचा आहे.

या वादाचा निकाल काय लागला? 1952 साली सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तीत नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी होते, पुण्याचे ज. स. करंदीकर होते आणि आपल्या उज्जैनच्या माधव कॉलेजचे वैद्यही होते. समितीने राष्ट्रीय दिनदर्शिकेचे वर्ष ऋतूंना बांधले. 22 मार्च 1957 पासून ती सुरू झाली. धार्मिक पंचांगासाठी मात्र चित्रापक्षाला जवळचे असे शून्य धरले. म्हणजे लेले गेल्यावर साठेक वर्षांनी त्यांची अर्धी फिर्याद मंजूर झाली. त्यांना ते पाहायला मिळाले नाही. वाद जिंकण्याची घाई असलेल्या आम्हा लोकांनी एवढे जरी लक्षात ठेवले तरी रात्री अकरानंतर झोप लागेल.

मग अनोळखी माणसाशी वाद घालावा का? जरूर घालावा. न घालणे म्हणजे खोट्याला मोकळे रान देणे. पण आधी विचारावे, ‘तुमचे शून्य कुठे?’ प्रश्न मोजणीचा असेल तर मोजणी दाखवावी आणि मागावीही. आचाराचा असेल तर नमस्कार करून पुढे जावे. आणि जे वाक्य त्या माणसासमोर, त्याच्या घरी, त्याच्या हातचा चहा पिताना बोलता येणार नाही, ते मोबाईलवरही लिहू नये.

शेवटचे सांगतो, आणि हे आम्हाला सर्वांत जास्त बोचते. आपली मुले घरात हिंदीत उत्तर देतात. सहा-सात पिढ्या इथे काढल्या, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. पण ती मुले आपल्या खांद्यावरून मोबाईल पाहतात. आपण मराठी लिहितो ती कशासाठी, हे त्यांना दिसते. मराठी म्हणजे एकमेकांची अक्कल काढण्याची भाषा, असे त्यांना वाटले तर ती ही भाषा कशाला शिकतील? ज्या मराठीत केरूनानांनी ग्रहांची कोष्टके मांडली, लेल्यांनी आकडे घालून फिर्याद केली, ती मराठी त्यांना आपल्या बोटांखाली दिसली पाहिजे. याच गोरखीच्या शाळेत अटलजी शिकले. विरोधकाला उत्तर देताना त्याचा मान कसा ठेवावा, हे आपल्या गावाला बाहेरून शिकण्याची गरज नाही.

त्या दोन चुलतभावांपैकी एकजण आज या सभेत बसले आहेत. नाव घेत नाही. त्यांना एवढीच विनंती, की आज घरी जाऊन कोकणात एक फोन लावावा. पंचांगाचे काही बोलू नये. मोदकांत नारळ किती घातला, एवढेच विचारावे.