फोडशी ओळखा, रानकांदा टाळा
(शेतकरी मंडळींसाठी झालेल्या भाषणावरून)



मृगाचे दोन-चार पाऊस पडले की ठाणे, पालघर, रायगडच्या डोंगरउतारांवर, माळाच्या गवतात आणि जंगलाच्या कडेला फोडशी वर येते. कुणी तिला कुली म्हणतं, कुणी कुलूची भाजी. पाणी साचतं तिथं ही सहसा नसते. निचऱ्याची जमीन शोधा.

भाजी चांगलीच आहे. पण त्याच दिवसांत, तशाच हिरव्या पातीचा कोळकांदा, म्हणजे रानकांदाही उगवतो, आणि तो विषारी. त्यातल्या द्रव्याचा थेट हृदयावर परिणाम होतो. घाईनं एक मूठ चुकीची खुडली तर सगळ्या घरावर बेतेल.

हिमालयात कांद्याच्या वासाची खरी रानपात होते, तिथं वास ही मोठी खूण. आपल्याकडं ती कामाची नाही, कारण फोडशीलाच कांद्याचा वास नसतो. तेव्हा पातीवर भरवसा ठेवू नका, मूळ बघा. नव्या जागी आधी एकच रोप खणून काढा. खाली बोटांसारख्या जाड मुळ्यांचा झुबका, किंवा दोऱ्याला लोंबणाऱ्या गाठी दिसल्या, तर ती फोडशीच्या कुळातली. पापुद्र्यांचा गड्डा निघाला तर तो रानकांदा. तिथंच टाका आणि हात धुवा, त्याच्या रसानं खाज सुटते. कोळकांद्याचा फुलोरा उन्हाळ्यातच, पानांआधी येऊन जातो. फोडशीला मात्र पानांमधूनच दांडा येऊन सहा पाकळ्यांची पांढरी फुलं लागतात.

कळलावीही याच सुमारास फुटते. तिला उभा दांडा असतो, पानांची टोकं दोऱ्यासारखी वळतात, आणि कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो. तीही विषारीच.

एकदा खात्री झाली की पुढं खणायचं कारण नाही, बरं का. कोवळी पानं विळ्यानं कापा, मुळं राहू द्या. मुसळीच्या नावानं कंद उकरून नेल्यानं किती माळ ओस पडलेत, ते तुम्हीच बघताय. तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी घेऊ नका. बुडाचा पांढरा भाग आणि मधला ताठ दांडा काढून टाका, माती राहते म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुवा. मुगाच्या डाळीबरोबर छान लागते. फुलं आली की पानं राठ होतात, मग नको.

आणि चुकून कुणी भलतंच खाल्लं, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली भाजी आणि रोप बरोबर घेऊन तडक सरकारी दवाखाना गाठा.