गिटार बदलावी का?



मी वक्ता नाही. स्टेजवर माझं तोंड बंद असतं, हात बोलतो. पण मध्यंतरी एक सौदा समोर आला, त्यानं चार रात्री झोप खाल्ली. त्याचा हिशोब तुमच्यापुढं मांडतो. असले सौदे उद्या तुमच्याही दारात येणार.

माझ्याकडं फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आहे. मेक्सिकोत बनलेली, सेकंडहँड घेतलेली. एक ओळखीचा म्हणाला, 'ही दे, वर पंचवीस हजार दे, माझी गिब्सन लेस पॉल घेऊन जा.' पंचवीस हजार होते माझ्याकडं. खोलीच्या डिपॉझिटचे.

हात शिवशिवले. का, ते खरं सांगतो. एका स्टुडिओत साउंडवाला सगळ्यांदेखत म्हणाला होता, 'पुढच्या वेळी खरी गिटार आण.' ते वाक्य काट्यासारखं सलत होतं.

दोन दिवस लेस पॉल मागून आणली. अ‍ॅम्प तोच, गाणी तीच, पोरं तीच. खोटं कशाला बोलू? आवाज भरदार, सूर छेडला की रेंगाळतो. आणि घरघर नाही. आपल्या मांडवात ट्यूबलाइट, जनरेटर, ढिलं अर्थिंग. स्ट्रॅटचे एकेरी कॉइलचे पिकअप ती सगळी घरघर ओढून घेतात. लेस पॉलच्या पिकअपमध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडलेल्या. एकीची घरघर दुसरी खाते.

पण तीन तास उभ्यानं वाजवल्यावर खांदा बोलायला लागला. ढोलकी, हार्मोनियम, कोरस यांच्यात तो जाड आवाज गायकावरच चढून बसला. स्ट्रॅटचा बारीक, धारदार आवाज फटीतून वाट काढतो. शिवाय आपण टेम्पोतून फिरणारी माणसं. लेस पॉलची मान अंगाला चिकटवलेली, डोकं मागं कललेलं. पडली की मानेपाशी तडकते, ही तिची जुनी खोड. स्ट्रॅटची मान चार स्क्रूंवर. १९५४ साली ती बाजारात आणणारा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण बिघडलेली वस्तू उघडता आली पाहिजे हे त्याला पक्कं ठाऊक.

मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतला कापसाचा मळा सोडून शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार कुणाला ऐकूच येईना, म्हणून त्यानं विजेची धरली. तीच कसोटी मी लावली. माझ्या मांडवात, माझ्या माणसांत कुठली नीट ऐकू येते?

सौदा मोडला. स्ट्रॅट उघडली, आतून तांब्याची पट्टी लावली, मांडववाल्याशी भांडून अर्थिंग नीट करून घेतलं. घरघर पुरती गेली नाही, पण बरीच कमी झाली. डिपॉझिटचे पैसे डिपॉझिटला गेले.

बदलूच नका, असं मी म्हणत नाही. काम बदललं, तोच भरदार आवाज लागणार असेल, तर खुशाल बदला. पण आधी दोन दिवस मागून आणा, आपल्याच अ‍ॅम्पवर वाजवा. मग स्वतःला विचारा : बदल म्हणून कोण सांगतंय? आपले कान, की कुणीतरी केलेला पाणउतारा?

आणि पाणउताऱ्याला उत्तर द्यायचंच असेल तर वाजवून द्या. त्यासाठी खोलीचे पैसे मोडू नका.

एवढंच.