किल्ली मिळाली, घर टिकेल काय?

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२०च्या दशकात सरकारने उभारल्या. १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत गिरणी कामगारांच्या पिढ्या वाढल्या. आता म्हाडा तेथेच ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य देत आहे. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीत पहिल्या किल्ल्या मिळाल्या. हे रहिवाशांच्या चिकाटीचे यश होय.

परंतु टोलेजंग इमारतीतील लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च कधीच संपत नाही. सरकारने ठरावीक वर्षे तो उचलला, तरी पुढे काय? तो न पेलल्यास कामगार स्वतःच घर विकून विरार-बदलापूर गाठील. म्हणून देखभालीसाठी कायम निधी आणि रहिवाशांच्या हाती असलेली सहकारी संस्था, या मागण्यांवर आजच संघटना बांधा.